महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच महिन्यांनी गाडीवरचं कव्हर काढलं, चावी फिरवली आणि गाडीने हूं की चूं केलं नाही. अशा वेळी निकाल ठरलेला असतो: "बॅटरी गेली." बऱ्याचदा ती गेलेली नसते, नुसती उतरलेली असते. पुढच्या दोन दिवसांत आपण घाईने जे उद्योग करतो, त्यांनी मात्र ती खरोखर जाते. खालचे काही प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत, काही मी बॉनेट उघडून उभा असताना स्वतःलाच विचारले आहेत. उत्तरं नेहमीच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला धरून आहेत. जिथे वेगळा प्रकार आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

गाडी बंद होती, चावीही काढलेली होती. मग बॅटरी उतरली कशी?

गळती दोन ठिकाणी असते. पहिली बॅटरीच्या पोटात. आतल्या शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड यांची रासायनिक क्रिया कुणी वीज वापरत नसलं तरी मंद गतीने चालूच राहते. साधारण तापमानाला महिन्याला काही टक्के चार्ज असाच जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. उन्हात तापणाऱ्या गाडीची बॅटरी लवकर बसते ती यामुळे.

दुसरी गळती गाडीची. आपल्या लेखी गाडी बंद असते, पण रिमोटची हाक ऐकणारा रिसीव्हर, अलार्म, इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारा), घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी हे सगळे अर्धवट जागे असतात. सगळं ठीक असलेल्या गाडीतही यांचा खर्च २० ते ५० मिलिॲम्पिअर असतो. शिवाय आपण मागाहून लावलेली उपकरणं: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचून ठेवलेला डोंगल. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

मग किती दिवसांत उतरते?

हिशोब सोपा आहे, स्वतःच्या गाडीसाठी एकदा करून ठेवावा. बॅटरीवर ४५ एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे तिच्यात मावणारी वीज) लिहिलं आहे असं धरा. गाडीचा बसल्या जागचा खर्च ३० मिलिॲम्पिअर असेल तर दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-अवर जातात, म्हणजे महिन्याभरात निम्मी बॅटरी. ५० मिलिॲम्पिअर असेल तर एकोणीस-वीस दिवसांत निम्मी. त्यात बॅटरीची स्वतःची गळती वेगळी. तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी शून्यावर आली तर काही बिघाड शोधायला नको, हिशोबच तसा आहे.

आता पार्किंग मोडवर असलेला डॅशकॅम धरा. त्याने २५० मिलिॲम्पिअर ओढले तरी दिवसाला ६ ॲम्पिअर-अवर संपले; चार दिवसांत अर्धी बॅटरी साफ. ग्लोव्ह बॉक्समधला पाच वॅटचा दिवा चालू राहिला तर त्याहून वाईट, दिवसाला १० ॲम्पिअर-अवर. हा दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही हे बाहेरून कधीच कळत नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, फोन आत ठेवला आणि झाकण लावलं. रेकॉर्डिंगमध्ये झाकणाच्या आतली बाजू लख्ख दिसत होती. दिव्याचा स्विच दाबणारं प्लास्टिकचं बोंड तुटलेलं होतं.

दोष बॅटरीचाच आहे, स्टार्टरचा (इंजिन फिरवणाऱ्या मोटरचा) नाही, हे कसं ओळखायचं?

कान द्या. सेल्फ मारल्यावर मशीनगनसारखा कट-कट-कट-कट आवाज आला तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. एकच "टक्" होऊन शांतता, आणि त्या वेळी आतले दिवे झगझगीत, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जोडणीवर. डॅशबोर्ड काळाठिक्कर असेल तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे. टर्मिनल हाताने हलवून बघा. हलायला नको. मला एकदा अर्धा तास चार्जर, केबल, सगळं जमवल्यावर कळलं की निगेटिव्हचा क्लॅम्प बोटाने गोल फिरतोय.

दिवे चांगले लागतात, पण सेल्फ मारताच मावळतात? मग बॅटरी अशक्त आहे, नाहीतर टर्मिनलवर मळ आहे.

रिमोट चालत नाही, गाडी उघडतच नाही. आत कसं शिरायचं?

बटणाच्या रिमोटमध्ये बहुधा एक साधी चावी दडवलेली असते. बाजूची छोटी कळ दाबली की ती बाहेर सरकते. तिचं भोक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी असतं, कधी कधी एका प्लास्टिकच्या टोपणाखाली झाकलेलं. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडणारी असेल, तर बॉनेटखाली चार्जर लावण्यासाठी वेगळे टर्मिनल दिलेले असतात; पॉझिटिव्हवर लाल टोपण असतं. गाडीचं माहितीपुस्तक बंद गाडीच्या आत न ठेवता त्याची प्रत फोनमध्ये ठेवावी, हे शहाणपण मला दाराबाहेर उभं राहून आलं.

मल्टीमीटरवर किती व्होल्ट दिसले म्हणजे काय समजायचं?

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० आलं की पावच उरली, आणि ११.८ च्या खाली जवळपास रिकामी. म्हणजे "१२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे ठणठणीत आहे" हा समज सपशेल चुकीचा. भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टचाही फरक नसतो, म्हणून दशांश चिन्हानंतरचा आकडा बघायचा.

नुकतीच चार्ज केलेली बॅटरी खोटा आकडा दाखवते. प्लेटांच्या वरच्या थरावरच चार्ज साचलेला असतो. काही तास थांबा, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल, तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बाद झाला आहे. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, त्यामुळे वजाबाकी सरळ आहे. तिथे कुठलाही उपाय चालत नाही.

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक काय?

वीज देताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंगला लावलं की हा थर विरघळून ॲसिडमध्ये परत जातो. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पहिली लेड-ॲसिड बॅटरी केली, तेव्हापासून मूळ क्रिया हीच आहे. सल्फेट ताजं असेपर्यंत त्याचे कण बारीक असतात आणि सहज विरघळतात. बॅटरी रिकामी पडून राहिली की हेच कण एकत्र येऊन मोठे, कडक स्फटिक बनतात. ते चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा बंद पडतो. याला सल्फेशन म्हणतात.

तेव्हा बॅटरी किती खाली गेली यापेक्षा ती खाली किती दिवस पडून होती, हा प्रश्न मोठा. काल रात्री दिवे चालू राहून ९ व्होल्टवर आलेली बॅटरी बहुतेक वेळा पूर्ण सावरते. तीन महिने ११ व्होल्टवर पडलेली बॅटरी परत येईलही, पण ४५ एएचची ३० होऊन येईल. आज कळलं असेल तर "रविवारी बघू" म्हणू नका.

थंड प्रदेशात आणखी एक धोका. रिकाम्या बॅटरीतलं ॲसिड इतकं पातळ झालेलं असतं की शून्याखाली थोड्याच अंशांवर ते गोठतं. भरलेलीचं गोठायला उणे पन्नासच्याही खाली जावं लागतं. खोक्याच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा आत बर्फ असल्याची शंका आली, तर चार्जर लावू नका, जंपही (केबलने दुसऱ्या बॅटरीची वीज) देऊ नका.

चार्ज करू की जंप स्टार्ट देऊ?

वेळ असेल तर चार्ज करा. जंप स्टार्ट इंजिन चालू करण्यासाठी असतो, बॅटरी भरण्यासाठी नाही. उसन्या विजेवर इंजिन चालू झालं की सगळा भार अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर, येतो, आणि त्याचं काम असतं भरलेल्या बॅटरीची रोजची झीज भरून काढणं. पूर्ण रिकामी बॅटरी तो तासन्‌तास रेटत बसला की स्वतः तापतो. बॅटरीलाही सावकाश, कमी करंटने भरलेलं मानवतं.

कुठे तातडीने जायचंच असेल तर जंप द्या, काम उरका, आणि रात्री चार्जरला लावा.

चार्जर कसला हवा? किती वेळ लावून ठेवायचा?

टप्प्याटप्प्याने चार्ज करून शेवटी स्वतः थांबणारा, म्हणजे ज्याला स्मार्ट चार्जर म्हणतात तो. करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाइतका पुरे: ४५ एएच असेल तर ४ ते ५ ॲम्पिअर. गणिताने दहा तास येतात, पण शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरी फार सावकाश घेते. त्यामुळे रात्रभर आणि वर सकाळचे दोन तास धरा. चार्जरवरचा हिरवा दिवा लागेपर्यंत हात लावायचा नाही.

बॅटरीचा प्रकार चार्जरवर नीट निवडा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांत बहुधा एजीएम किंवा ईएफबी (लेड-ॲसिडच्याच सुधारित जाती) असते, आणि तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. एजीएमला जास्त व्होल्टेज सोसत नाही. तिच्यातून एकदा गॅस बाहेर गेला की तो भरून काढायला झाकणच नसतं. गॅरेजमधले जुने, जाडजूड, स्वतः न थांबणारे चार्जर तिच्यासाठी टाळलेले बरे.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकू शकतो. खिडकी-दार उघडं, सिगारेट लांब. चिमटे आधी बॅटरीला लावायचे, मग चार्जरचा स्विच चालू करायचा. काढताना आधी स्विच बंद. बॅटरी हाताला गरम लागली किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर लगेच स्विच बंद करा, खोलीत हवा खेळू द्या आणि ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.

चार्जर लावला, पण त्यावर काहीच होत नाही. "बॅटरी जोडलेली नाही" असं दाखवतोय.

हा सगळ्यात जास्त फसवणारा प्रसंग, आणि इथेच चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. स्मार्ट चार्जर आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासतो. ते एका मर्यादेखाली असेल तर समोर बॅटरीच नाही असं समजून करंट सोडत नाही. डॅशकॅमच्या कृपेने माझी बॅटरी एकदा ३.९ व्होल्टवर गेली होती. चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकत बसला.

काही चार्जरमध्ये यासाठी वेगळं बटण असतं. रिपेअर, फोर्स, असं काहीतरी नाव असतं त्याचं. ते दाबून बघा. ते नसेल तर एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी जंपर केबलने समांतर जोडायची, म्हणजे लालला लाल, काळ्याला काळी. चार्जर चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज बघून सुरू होतो आणि रिकाम्या बॅटरीतही करंट जाऊ लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने रिकामी जरा वर आली की चार्जर बंद करा, केबल काढा आणि एकटीलाच चार्जर लावा. माझी ३.९ वाली अशीच उठली. त्यानंतर दोन वर्षं चालली, पण हिवाळ्यात सकाळी पहिला सेल्फ मारताना कुरकुर करायची.

हे करताना जवळ थांबायचं. पूर्ण रिकाम्या बॅटरीत एखादा सेल आतून शॉर्ट असेल तर ती झपाट्याने तापते. तापली तर प्रयोग बंद.

बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज केली तर चालते?

चालते. आधुनिक गाड्यांमध्ये तर तेच बरं. निगेटिव्ह टर्मिनलवर चपटं, वायर जोडलेलं छोटं डबडं दिसलं तर तो बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर आहे. अशा वेळी चार्जरचा काळा चिमटा टर्मिनलवर न लावता बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टला लावा, म्हणजे किती चार्ज आत गेला हे गाडीला कळतं.

बॅटरी बाहेर काढणार असाल तर आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण असं की गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेलं असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट. माझ्याकडे दहा नंबरचा एक पाना आहे, त्याच्या दांड्याला अर्ध्या वाटाण्याएवढी खाच आहे. क्षणभर टेकला होता. हातात अंगठी असेल तर आधी काढा.

जंप स्टार्टचा बरोबर क्रम सांगा.

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्याच असल्या पाहिजेत. अनेक ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांच्याकडून वीज घेतली तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीवर लावायचं नाही. ते त्याच गाडीच्या इंजिनावर, रंग नसलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लागताना हमखास बारीक ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. घाईत लोक हीच एक पायरी गाळतात, कारण "तसंही चालू होतं". होतं, पण एखाद्या वेळी बॅटरी तोंडावर फुटते.

चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. या वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा चार्ज जातो आणि सगळा भार केबलवर येत नाही. मग सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा. चालू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा. केबल हाताला गरम लागत असेल तर ती बारीक आहे. दिसायला जाड असतात, पण वरचं रबरच जाड, आत तांब्याच्या चार तारा.

खिशात मावणारे लिथियमचे जंप पॅकही चालतात. फक्त त्यांच्यावरचं सक्तीने वीज सोडणारं बटण जपून. ते दाबल्यावर अनेक पॅकमध्ये उलट्या जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं. दाबण्याआधी लाल-काळं दोनदा बघा.

गाडी चालू झाली. आता किती वेळ चालवू?

अर्ध्या तासाने बॅटरी भरत नाही. तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवली तर पुढचा सेल्फ घेण्याइतकी होते, पूर्ण भरत नाही. जागेवर आयडलवर सोडून देणं सर्वांत कुचकामी, कारण कमी आरपीएमला अल्टरनेटर थोडीच वीज करतो आणि त्यातली बरीच इंजिन, पंखा आणि दिवे खातात. पहिल्या तासात एसी, मागच्या काचेचा हीटर आणि सीटचा हीटर बंद ठेवा. आणि पेट्रोल भरताना इंजिन बंद करावंच लागतं, तेव्हा पहिला थांबा पंपावर ठेवू नका.

अल्टरनेटर चार्ज करतोय का ते बघायला चालू गाडीचं टर्मिनल काढून बघू?

अजिबात नको. जुन्या मिस्त्रींची ही सवय कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांच्या काळातली आहे. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजची उसळी येते आणि ती सगळीकडे पोचते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर मीटर लावा, साधारण १३.८ ते १४.५ दिसले की अल्टरनेटर ठीक. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम वर-खाली करतो, त्यामुळे एकदाच बघून निकाल देऊ नका.

धक्का मारून चालू करू का?

मॅन्युअल गिअरची गाडी, बॅटरी थोडी अशक्त, उतार आणि चार माणसं हाताशी: होईल. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून वेग येऊ द्यायचा, मग क्लच झटकन सोडायचा. पण महिनोन्‌महिने पडून बॅटरी शून्यावर असेल तर फुकट दमाल. फ्युएल पंप, इंजेक्टर, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळ्यांना आधी वीज लागते. अल्टरनेटरलाही वीज तयार करायला सुरुवातीला थोडी वीज लागते. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही.

पाणी घालायचं का?

वर झाकणं असलेल्या बॅटरीत, हो, पण आधी चार्ज करा आणि मग पातळी पूर्ण करा. चार्ज होताना द्रव फुगून वर येतो. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला. पाणी डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नको, फिल्टरचंही नको. ॲसिड कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

डोळ्यांवर चष्मा हवा. डोळ्यात थेंब गेला तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे.

खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओता. फसफसणं थांबलं की जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्पची आतली बाजू आणि टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, नट घट्ट करा आणि शेवटी वरून पेट्रोलियम जेली लावा. वरून म्हणजे वरूनच, जोडणी झाल्यावर.

ॲस्पिरिनची गोळी टाकली की बॅटरी उठते म्हणतात. आणि बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवू नये ना?

ॲस्पिरिनपासून आत ॲसेटिक ॲसिड तयार होतं आणि ते शिसं खातं. त्या दिवशी एकदा गाडी चालू झालीच तर गोळीचं नाव होतं, मग बॅटरी आणखी लवकर जाते. फरशीची गोष्ट फार जुनी आहे, लाकडी आणि सच्छिद्र खोक्यांच्या बॅटऱ्यांच्या काळातली. आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. उलट गार, कोरडी फरशी तापलेल्या माळ्यापेक्षा कधीही बरी.

माझी गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे. मला हे सगळं लागू होतं का?

बऱ्याच अंशी. मोठ्या बॅटरीशिवाय या गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दारं, कॉम्प्युटर आणि मोठी बॅटरी जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. छोटीला चार्जर किंवा जंप कुठून द्यायचा ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं. अशा गाडीने दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला बहुतेक पुस्तकांत मनाई असते. नारिंगी आवरणाच्या केबलांना कुठल्याही कारणाने हात लावू नका.

पूर्ण चार्ज केली, गाडी चालू झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली.

दोन शक्यता: बॅटरी चार्ज धरत नाही, किंवा गाडी चोरून खातेय. त्या वेगळ्या करायला एक रात्र पुरते. पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह सोडून ठेवा आणि सकाळी मोजा. आकडा १२.४ च्या खाली घसरला असेल तर दोष बॅटरीत. १२.६ वर टिकून असेल तर बॅटरी बहुधा ठीक, गाडीकडे बघा. खात्रीसाठी सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम उरलेला नाही. झाकणं असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल तपासता येतो. भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ ते १.२८०; एका सेलचा बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने कमी आला तर तो सेल गेला.

गाडीचं चोरून खाणं मोजायचं असेल तर मीटर १० ॲम्पिअरवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटी केलेली केबल यांच्या मध्ये जोडा. गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा आणि तासभर जा कुठेतरी. कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. सुरुवातीचे तीन-चार ॲम्पिअर बघून घाबरू नका. तासाने ५० मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या सर्किटवर चोर. मीटर जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

पुन्हा तीन महिने गाडी उभी राहणार आहे. काय करून ठेवू?

जवळ वीज असेल तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवा. तो १३.२ ते १३.६ व्होल्टवर बॅटरी अलगद भरलेली ठेवतो, महिनोन्‌महिने लावलेला चालतो. वीज नसेल तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह सोडून ठेवा. त्याने गाडीची गळती थांबते, बॅटरीची स्वतःची तेवढी राहते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज केलं की झालं. फक्त निगेटिव्ह सोडण्याआधी डिकीचं काय होणार, बॉनेट कसं उघडणार, रेडिओला कोड लागतो का, हे बघा. बॅटरी जोडल्यावर घड्याळ चुकलेलं असेल, काचा एका स्पर्शात वर जायच्या विसरतील आणि स्टिअरिंगचा पिवळा दिवा थोडं अंतर जाईपर्यंत लागेल. इंजिन पहिले काही किलोमीटर जरा वेडंवाकडं आयडल करेल. घाबरण्यासारखं काही नाही.

त्यापेक्षा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करायला सांगितलं तर?

बिचाऱ्या शेजाऱ्याला त्रास आणि गाडीचं नुकसान. गणित बघा. एक सेल्फ २०० ॲम्पिअर दोन सेकंद ओढतो, म्हणजे जेमतेम ०.११ ॲम्पिअर-अवर. तो खर्च लगेच भरून निघतो. पण आठवडाभरात ३० मिलिॲम्पिअरने ५ ॲम्पिअर-अवर गेलेले असतात. दहा मिनिटांत बॅटरीने १० ॲम्पिअर घेतले असं धरलं तरी परत आले फक्त १.७. दर आठवड्याला तीन-साडेतीनचा तोटा. शिवाय इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. शेजारी खरंच तयार असेल तर त्याला चावी द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा तासभर फिरवून आणायला सांगा.

नवीनच घ्यायची वेळ आली. काय बघू?

प्रकार तोच ठेवा: एजीएमच्या जागी एजीएम. आकार, टर्मिनलची बाजू आणि एएच जुन्या बॅटरीशी जुळवून बघा. पॉझिटिव्ह उलट्या बाजूला आला तर केबल पोचत नाही, आणि ओढून पोचवायच्या नादात अपघात होतो. तयार झाल्याची तारीख बघा. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेली "नवीन" बॅटरीसुद्धा तुमच्या उभ्या गाडीसारखीच झिजत असते. तिथेच मीटर लावून १२.४ च्या वर आहे का बघा. सेन्सर असलेल्या काही गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर त्या जुनीच समजून चार्ज करत राहतात.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. शिसं आणि ॲसिड दोन्ही विषारी, पण जवळपास सगळं पुन्हा वापरता येतं, त्यामुळे विकणारा ती परत घेतो. नेताना उभीच ठेवा. मी एकदा आडवी ठेवली होती. डिकीतल्या गालिच्याला पडलेलं भोक आता सुट्या टायरखाली झाकलेलं आहे.